एक तास सात मिनिटं

दिनानाथ प्रधानांनी नकाशावर वाशीच्या जागी आमटीची वाटी ठेवली आणि म्हणाले, "हे आपलं हॉस्पिटल. आता बोला."

वाटी अर्धी भरलेली होती. ती आधी उचला, नाहीतर उद्घाटनाआधीच वाशी बुडेल, असं सुभाष सामंतांनी सुनावलं आणि सगळे हसले. भगवान गमरेही हसला, पण त्याची नजर नकाशाच्या उजव्या कडेला होती. तिथं रबाळ्याच्या कारखान्यांच्या मागं, डोंगराला लागून, नकाशा काढणाऱ्यानं काहीच काढलेलं नव्हतं. करवंदवाडी तिथं होती. पन्नास-साठ घरं, एक विहीर, एक विहार आणि भगवानची म्हातारी आई गिरजाबाई. नकाशावर मात्र नुसता कोरा कागद, आणि त्या कागदाला कुणीतरी लोणच्याचं बोट पुसलेलं.

ही १९८२ सालातली गोष्ट. मस्कतमधली दिनानाथरावांची खोली, शुक्रवारची दुपार. शुक्रवार हा तिकडचा सुट्टीचा वार, त्यामुळे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आसपासची बाराचौदा मराठी माणसं त्या दिवशी दिनानाथरावांकडे जमायची. दिनानाथराव एका कंपनीत स्टोअरकीपर. वाशीला त्यांनी फ्लॅट घेतलेला, बायको-मुलं तिथंच. सुभाष सामंत साइट सुपरवायझर. त्याचं बुकिंग खांदेश्वरच्या बाजूला. भगवान पाइपफिटर. मुंबईत असते तर हे तिघं एकमेकांच्या घरी जेवायला बसले असते की नाही, देव जाणे. पण परक्या मुलखात भाताची भूक सगळ्यांची सारखीच असते. मस्कतला पंगत एक होती, आणि भगवानच्या हातचं मटण संपायला वेळ लागत नसे.

हॉस्पिटलची कल्पना भगवानचीच. त्याचा बाप, सिताराम, शहात्तर साली छातीत कळ आली म्हणून बाजल्यावर घालून वाशीला नेत असताना वाटेतच गेला. बाजल्याचा एक कोपरा भगवानच्या खांद्यावर होता. खांद्यावरचं वजन तेच राहिलं आणि बाप गेला, हे त्याला कितीतरी वेळ कळलंच नव्हतं. ही गोष्ट त्यानं एका शुक्रवारी, कुणी विचारलं नसताना, ताट पुढं ओढता ओढता सांगितली. मग दिनानाथरावांनीच विषय काढला, की आपण एवढे सगळे इथं आहोत, तिकडे आपल्या लोकांसाठी एक दवाखाना का उभा करू नये? मंडळ स्थापन झालं. मुंबईच्या एका ट्रस्टनं डॉक्टर आणि यंत्रं द्यायचं कबूल केलं. जागा दोन मिळण्यासारख्या होत्या: एक वाशीत, एक करवंदवाडीच्या खालच्या माळावर. मंडळानं एक निवडायची होती.

आणि इथं घोडं पेंड खाऊ लागलं. आठ शुक्रवार झाले तरी जागा ठरेना. बाजारात तुरी, तशातली गत. दवाखान्याची वीटही रचलेली नव्हती आणि इकडे माणसं एकमेकांवर नाराज होऊन आमटी न घेता उठत होती. सुभाषचं म्हणणं, शहर पनवेलच्या दिशेनं वाढणार, वीस वर्षांनी सगळी वस्ती खांदेश्वरला असेल, तेव्हा तिथं जागा मागा. तिथं कुणी जागा देऊ केलेली नाही, हे त्याला दर शुक्रवारी सांगावं लागे. दिनानाथरावांचं म्हणणं, वाशीला खाडीवरचा पूल आहे, मुंबईचा डॉक्टर सकाळी येईल आणि संध्याकाळी परत जाईल. दगडखाणीच्या धुळीत कोण येतंय? आणि मग थोडा आवाज उतरवून, "तिकडच्या वस्तीत बाकीचे लोक येतील का, हाही विचार करायला हवा, भगवान. मी माझं नाही सांगत, लोकांचं सांगतोय."

लोकांचं म्हणून जे सांगितलं जातं ते कुणाचं असतं, हे भगवानला लहानपणापासून ठाऊक होतं. पण तो भांडणारा माणूस नव्हता. पाण्याच्या पाइपातसुद्धा तो पाना हळूच फिरवायचा. तो एवढंच म्हणाला, "साहेब, दवाखाना डॉक्टरच्या सोयीनं बांधायचा का पेशंटच्या? डॉक्टरला गाडी असते."

दिनानाथराव आमटी ढवळू लागले.

खरं सांगायचं तर त्या खोलीतल्या एकालाही नवी मुंबई आता कशी आहे ते माहीत नव्हतं. जो ज्या साली घर सोडून आला, त्या सालचा नकाशा त्याच्या डोक्यात. कुणाच्या वाशीत अजून चिखल होता, कुणाच्या रबाळ्यात अजून भातशेती होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथं तर उंटही खरोखरचे होते.

शेवटी तोड काढली ती दिनानाथरावांनी. माणूस हिशेबी, पण लबाड नव्हता. ते म्हणाले की वाद कशाला, मोजून पाहू. गाडी मिळाली नाही असं धरून करवंदवाडीतून एक माणूस बाजल्यावर घालून वाशीपर्यंत न्यावा आणि किती वेळ लागतो ते बघावं. दोन तासांच्या वर लागला तर दवाखाना वाडीच्या माळावर. दोन तासांच्या आत पोचले तर वाशी. भगवानचा चेहरा उजळला. चार मैलांची वाट, चढउतार, बाजल्यावर माणूस! बापाच्या वेळी सव्वादोन तास झाले होते आणि तेव्हा मध्ये भिंतीही नव्हत्या. म्हणजे दवाखाना वाडीलाच आला म्हणायचा.

"पण एक अट," दिनानाथराव म्हणाले. "कशासाठी मोजतोय ते तिकडे कळता कामा नये. कळलं तर मुद्दाम रेंगाळतील. शब्द दे."

भगवाननं शब्द दिला. अट त्याला योग्यच वाटली. खोटेपणानं आलेला दवाखाना त्यालाही नको होता.

खोलीतच पत्र लिहिलं गेलं, दिनानाथरावांनी सांगायचं आणि भगवाननं उतरवायचं. बायकोला, चांगुणाला, त्यानं लिहिलं की मंडळाला एक माहिती पाहिजे. वाडीतले आठ धडधाकट तरुण निवडावेत. त्यांची नावं, वय आणि शिक्षण कागदावर लिहून पाठवावं. चौघांनी एका वेळी खांदा द्यायचा, चौघांनी बदली करायची. बाजल्यावर कुणीतरी हलकं माणूस बसवावं. मी आणलेला टेपरेकॉर्डर बरोबर घ्यावा आणि निघाल्यापासून पोचेपर्यंत टेप करावं, म्हणजे वेळेचा पुरावा राहील. घड्याळ चुकेल, पण नव्वद मिनिटांची कॅसेट चुकणार नाही; ती संपली तर लगेच दुसरी घालावी. कारण पुढं कळवीन.

नावं, वय आणि शिक्षण हे दिनानाथरावांनीच घालायला लावलं. त्यांना कागदावर सगळं पक्कं लागायचं.

कॅसेट यायला दोन महिने लागले. सुट्टीवरून परतणाऱ्या, मंडळातल्याच वामननं ती पापडाच्या डब्यात घालून आणली. त्या शुक्रवारी जेवणं लवकर उरकली. सगळे गोल करून बसले, दिनानाथरावांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि बटण दाबलं.

पहिल्यांदा कोंबड्याचा आवाज आला. खोलीतली दोनतीन माणसं तेवढ्यानंच हलली. मग गिरजाबाई बोलली.

"भगवान, आयकतोस ना रं? मी बसलेय बाजल्यावर. हे यंत्र मांडीवर हाय. पलीकडचा म्हातारा म्हनतो, जित्या मानसाला चौघांच्या खांद्यावर घेऊ नये, अपशकुन हाय. म्या म्हनलं, आपन बौद्ध, आपल्याला कुटला आलाय शकुन न् अपशकुन. मारोती म्हनतो निजा. मढं निजून जातं. मी बसून जानार."

सगळे खळखळून हसले. मारोती म्हणजे शेजारच्या सकपाळांचा मुलगा, बावीसएक वर्षांचा, दहावी पास आणि बेकार. भगवाननं त्याला लहानपणी विहिरीत पोहायला शिकवलं होतं.

मग पावलं सुरू झाली. धप्, धप्, धप्. म्हातारी बोलत होती आणि वाट सांगत होती. हितं आता कंपनीची भिंत झाली, वळसा घालावा लागतो. हितलं आंब्याचं झाड गेलं. हा मोठा रोड, थांबा रं, ट्रक जाऊ द्या. ही नवी बिल्डिंग, ही पन नवी. खाडीकडची आपली वाट गेली बघ, भराव टाकला. खोलीतली माणसं पुढं सरकून ऐकत होती. ज्याच्या त्याच्या डोक्यातला जुना नकाशा त्या म्हातारीच्या तोंडून पुसला जात होता. जेवणानंतर पान लावणारा सुभाष चुन्याची डबी हातात धरून तसाच बसून राहिला.

भगवान मात्र दुसरंच ऐकत होता. आईचा आवाज गचके खात होता. शब्द मध्येच तुटत होते, 'बिल्डिंग' म्हणताना तिचे दात एकमेकांवर आपटलेले त्याला ऐकू येत होते. पावलं चालणाऱ्याची नव्हती.

"पळतायत," तो म्हणाला.

कुणीतरी त्याला गप्प राहायला खुणावलं. कॅसेटची एक बाजू संपली, म्हातारीनं ती तिकडे पालटली होती तशी दिनानाथरावांनी इकडे पालटली. दुसऱ्या बाजूला गर्दीचे आवाज आले. भाजीवाले, हमाल, बसच्या घंटीची टणटण. दिनानाथरावांचा चेहरा एकदम बदलला. "हा आमचा सेक्टर आहे," ते म्हणाले आणि त्यांनी डोळ्याला रुमाल लावला. तीन वर्षं झाली होती त्यांना घर सोडून. तेवढ्यात मारोतीचा आवाज आला, दम लागलेला, फुललेला, "पोचलो! वाशी!" आणि दिनानाथरावांनी टेप बंद केला.

पंचेचाळीस मिनिटं एक बाजू, बावीस मिनिटं दुसरी. एक तास सात मिनिटं.

भगवान उभाच राहिला. "साहेब, ते पळत गेले. आजारी माणसाला घेऊन कोणी पळतं का?"

"मान्य," दिनानाथराव म्हणाले. ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. "पण अट तू मान्य केली होतीस. उद्या तीन तास लागले असते आणि मी म्हटलं असतं की ते रेंगाळले, तर तू ऐकलं असतंस?"

प्रश्न बरोबर होता. बरोबर प्रश्नापुढं त्याची जीभ नेहमीच लुळी पडायची. मतं घेतली. एकेक हात वर गेला. सुभाषनं खांदेश्वर सोडून वाशीला हात दिला. सगळ्यांचे हात वर आणि आपला एकट्याचा खाली, हे भगवानच्यानं बघवेना. ज्यांच्या ताटात तो वाढत होता त्यांच्यातच त्याला राहायचं होतं. त्यानंही हात वर केला. दिनानाथरावांनी वहीत लिहिलं, ठराव एकमतानं मंजूर.

संध्याकाळी कॅम्पवर परत आल्यावर त्यानं कॅसेट पुन्हा लावली. आईचा आवाज ऐकावा, एवढंच मनात होतं. पण 'पोचलो! वाशी!'च्या पुढंही कॅसेट चालू होती. दिनानाथरावांनी बंद केलं म्हणून ते कुणी ऐकलंच नव्हतं. आधी म्हातारी पाणी प्यायली. मग म्हणाली, "बगितलीस ना पोरं? एकदा बी मला खाली टेकवली नाय. तुज्या मंडळाला सांग, आठीच्या आठी तिकडं बोलवून घ्या. आनि मारोतीला पयला घ्या. त्यानं बदली घेतलीच नाय, सगळा रस्ता खांदा त्याचाच व्हता."

त्यावर मारोती लाजत म्हणाला, "काका, टाइम बरोबर लिवा. प्रॅक्टिस केली तर तासाच्या आत आणू."

भगवान बिछान्यावर बसला. पत्रातली ओळ न् ओळ त्याला आठवली. आठ धडधाकट तरुण. नावं, वय, शिक्षण. कारण पुढं कळवीन. गल्फमधून असं पत्र आल्यावर वाडीतल्या बेकार पोरांनी दुसरं काय समजायचं होतं? ती भरतीला धावली होती. स्वतःच्या वाडीत येणारा दवाखाना स्वतःच्याच पायांनी वाशीला पोचवून आली होती, वर तासाच्या आत आणू म्हणत होती. आणि त्यांना धावायला लावणारं अक्षर भगवानचं होतं. त्याला रडू फुटलं. शेजारच्या खाटेवरचा केरळी माणूस उठून बाहेर गेला, म्हणजे याला मोकळेपणी रडता यावं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तो दिनानाथरावांकडे गेला आणि सगळं सांगितलं. त्यांनी कॅसेटचा तो शेवट दोनदा ऐकला. त्यांचा चेहरा पडला. पण मंडळाचं पत्र त्याच सकाळी मुंबईला जाणाऱ्या एका गृहस्थाच्या हाती रवाना झालं होतं. "आता फिरवायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांना जमवायला लागेल, पुन्हा आठ शुक्रवार," ते म्हणाले. "ट्रस्टवाले कंटाळले तर दोन्हीकडचं जाईल. तू सांग, फिरवू का?"

त्यांनी विचारलं होतं, हे खरं. पुढं कितीतरी वर्षं भगवान स्वतःला तेच सांगत राहिला, की त्यांनी विचारलं होतं आणि मीच म्हणालो, राहू द्या.

वाडीला खरं काय ते लिहायचं त्यानं ठरवलं होतं. या महिन्यात नको, पुढच्या महिन्यात लिहू, असं करता करता मारोतीचंच पत्र आलं, की आम्ही आठहीजणांनी पासपोर्टला अर्ज केलाय. मग लिहिणं आणखी अवघड झालं. त्यानं उत्तर धाडलं, सध्या इकडे मंदी आहे, थोडं थांबा. दर पत्रात मारोती आजीची खुशाली लिहायचा आणि खाली एक ओळ असायची, आमच्या नंबराचं बघा. भगवान दर वेळी लिहायचा, थोडं थांबा.

पंच्याऐंशी साली वाशीला दवाखाना सुरू झाला. चांगला झाला. दिनानाथरावांनी फोटो दाखवले, दारात मंडळाच्या नावाची संगमरवरी पाटी होती. खालच्या माळावर करवंदवाडीच्या बाजूला तोवर एका कारखान्याचं गोदाम उभं राहिलं होतं.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत चांगुणाचं पत्र आलं. नेहमीपेक्षा अक्षर मोठं होतं. आत्याबाई गेल्या. दम्याचा झटका रविवारी सकाळी आला. रविवार म्हणून कंपन्या बंद, एरवी मिळणारी जीपही नव्हती. मोठ्या रोडवर ट्रकला हात केले, पण वाटेत माणूस गेलं तर पोलिसांचं लचांड मागं लागतं म्हणून कुणी थांबेना. मग मारोती आणि ती पोरं न बोलावता आली आणि त्यांनी बाजलं उचललं. निजवलं की आत्याबाईंचा श्वास कोंडायचा. बसवून, मागून मी धरून, अशा नेल्या. दर पन्नास पावलांवर बाजलं खाली ठेवावं लागत होतं. तीन तास लागले. बाजाराच्या कोपऱ्यावरून दवाखाना दिसत होता, तिथं गेल्या.

भगवानला लगेच निघता आलं नाही. करार संपायला दोन महिने होते आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. एप्रिलमध्ये तो कायमचाच परत आला. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वाडीनं त्याच्यावाचून उरकला होता.

आल्याच्या संध्याकाळी मारोती भेटायला आला. जय भीम घातला, पण आत येईना, उंबऱ्याबाहेरच बसला. सव्वीस वर्षांचा झाला होता. रबाळ्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर ड्रम उचलायचा, हाताची कातडी रसायनानं सोललेली. चांगुणानं चहा आणून ठेवला.

"काका, तुमची माफी मागायची व्हती," तो म्हणाला. "त्या दिवशी पायच चालले नाय आमचे. तीच वाट, तीच पोरं, तेच बाजलं. पयल्या टायमाला एक तास सात मिनटांत नेलं व्हतं आम्ही आजीला. तसं नेलं असतं तर आजी आज असती."

मारोतीच पुढं बोलत राहिला. त्या दिवसापासून आठांमध्ये बोलणं राहिलेलं नव्हतं. नंदकुमार म्हणायचा, मारोतीनं सारखं खाली ठेवायला लावलं. दुसरे म्हणायचे, नंदकुमार दारू पिऊन आला होता. दोघांची तर विहारात मारामारी झाली होती. प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायांना दोष देत होता आणि घरी जाऊन आपल्या पायांना.

आता गप्प राहणं म्हणजे त्या पोरांच्या खांद्यावर आणखी एक मढं देणं होतं. पण बोलावं तर चार वर्षं जपलेली त्यांची आशा आपल्याच हातानं मोडायची, आणि वाडीत तोंड दाखवायला जागा ठेवायची नाही. चांगुणाला त्यातलं काही माहीत नव्हतं. ती दाराशी उभी होती.

"मारोती," भगवान म्हणाला, "त्या दिवशी तुम्हाला उशीर झाला नाही. आजाऱ्याला न्यायला तेवढाच वेळ लागतो. माझ्या बापालाही लागला होता. तुम्ही चुकलात ते पहिल्या वेळी. आणि तीही चूक तुमची नाही, माझी."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. नकाशा, दोन जागा, दोन तासांची अट, दिलेला शब्द. दवाखाना खालच्या माळावर यायचा होता, आता गोदाम आहे तिथं. तुम्ही दोन तासांच्या वर गेला असता तर आला असता. नंबर वगैरे काही नव्हता. कधीच नव्हता. आपणही हात वर केला होता, हेही सांगितलं. तेवढं गाळता आलं असतं, पण गाळलं नाही.

मारोती ऐकत होता. मध्ये एकदा त्याची मान खालच्या माळाकडे वळली. इथून तो माळ ढेकूळ फेकावं एवढ्या अंतरावर होता. गोदामाच्या पत्र्यावर संध्याकाळचं ऊन पडलं होतं. दाराशी चांगुणानं पदर तोंडात धरला.

मग तो बोलला. आवाजात राग नव्हता. राग असता तर भगवानला बरं वाटलं असतं.

"सांगितलं असतं तर चालत गेलो असतो, काका."

भगवाननं मान हलवली.

मारोतीनं गार झालेला चहा उचलून पिऊन टाकला. कपबशी उचलून आत चांगुणाच्या हातात दिली, आणि म्हणाला, "बाकीच्यांना मी सांगतो. तुमी नका येऊ. नंदकुमार तापट हाय, काय बी बोलेल तुमाला."

तो गेला. भगवान उंबऱ्यावर बसून राहिला. वाडी लहान, एका घरातला शब्द दुसऱ्या घरात ऐकू जायचा. पहिल्या दारात मारोतीचा आवाज आला, खालच्या पट्टीत, मग आतलं बोलणं थांबलं आणि रेडिओ बंद झाला. मग दुसरं दार. तिथं एक म्हातारी आधी हसली आणि मग तिचं हसणं अर्ध्यावर राहिलं. तिसऱ्या दाराची कडी आतून लागली. मारोती न थांबता पुढं जात होता, प्रत्येक दाराशी तेच तेच सांगत, जणू सगळी चूक त्याचीच होती.

चौथ्या दाराशी, नंदकुमारच्या, आवाज चढला. भांडं आपटल्याचं ऐकू आलं.

भगवान उठला. "जाऊ नका," चांगुणा म्हणाली. त्यानं पायात चपला घातल्या, वाडीची वाट ओलांडली आणि नंदकुमारच्या दारात, मारोतीच्या शेजारी जाऊन उभा राहिला.